छपरावरची निरगाठ

१

उलारच्या मृत्यूनंतरच्या, चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाच्या आदल्या दिवशी सकाळी, पाहुण्यांसाठी धाकटा तंबू पुन्हा उभा करताना, बेरमेतला छपराच्या पट्ट्यावर दोराचा एक तुकडा दिसला. बोटभर लांबीचा. एका टोकाला सुरीनं कापलेला, दुसऱ्या टोकाला निरगाठ मारून आवळलेला.

तिनं हात वर केला. पोचला नाही. टाचा उचलल्या. तरी नाही.

"अगं बये, ढगांना सलाम करतेस का?" सोनुनमावशी पलीकडून म्हणाली. मावशीच्या हातात छपराची एक काठीसुद्धा नव्हती, होती ती सूर्यफुलाच्या बियांची पुडी. "तो नमदा ओढ खाली. उद्या अख्खं कुरण जेवायला येणार, आणि ही उभी राहून वारा खातेय."

बेरमेतनं लोकरीचा जाड नमदा ओढला. ती सोळा वर्षांची होती आणि उलार गेल्यापासून सगळ्यांवर चिडलेली होती. रडणाऱ्यांवर, न रडणाऱ्यांवर, आणि "पोरी, मनाला लावून घेऊ नकोस हो" म्हणत डोक्यावरून हात फिरवणाऱ्यांवर तर विशेषच. मनाला लावून घेऊ नकोस असं माणूस कुणाला सांगतो? ज्यानं काहीतरी केलंय त्यालाच.

आणि तिनं काय केलं, ते कोक-बेलच्या कुरणावर शेळ्यांनाही पाठ झालं होतं. उलार, तिचा मोठा भाऊ, रात्रभर घोड्यांची राखण करून दिवसा या धाकट्या तंबूत झोपायचा. त्याला खोकला झाला होता, म्हणून आईनं घमेल्यात निखारे घेऊन त्यावर आर्चाच्या सुवासिक झाडाच्या डहाळ्या टाकल्या आणि घमेलं त्याच्या उशाशी ठेवलं. त्यात नवल काही नव्हतं. तंबूच्या डोक्यावरचं गोल भोक, तुंदुक, उघडं असलं की धूर आणि निखाऱ्यांचा वायू वर निघून जातो. पण त्या दुपारी पाऊस आला, आणि कुणीतरी तुंदुकावरचं नमद्याचं झाकण दोरानं ओढून बंद केलं. उलार झोपला होता तसाच राहिला.

'कुणीतरी' म्हणजे बेरमेत. घरातली झाकणं उघडायची-लावायची ती तिनंच, लहानपणापासून. त्या वेळी तंबूंपाशी दुसरं कुणी नव्हतंही. पहिल्या दिवशी ती ओरडून सांगत होती की मी गेले तेव्हा झाकण आधीच लावलेलं होतं. "मग वाऱ्यानं लावलं का?" आईनं विचारलं होतं. आईनं तिला थेट विचारलेलं ते शेवटचं. मग सांगून सांगून बेरमेत दमली, आणि गेल्या आठवड्यात एकदा झोपेतून उठताना तिला चक्क आठवलं की हातात दोर होता, ओला, खरबरीत. म्हणजे खरंच आपणच?

उद्या जेवणं उरकली की मावशी तिला शहरात, तोकमोकला घेऊन जाणार होती, कापडाच्या दुकानात बसवायला. बाबांनी ठरवलं होतं. "तुझ्या आईला तू समोर दिसलीस की त्रास होतो," ते तिच्याकडे न बघता म्हणाले होते. परत कधी आणायचं, ते कुणी बोललं नव्हतं.

बेरमेत पुन्हा छपराकडे बघत राहिली. झाकणाचा दोर खाली लोंबतो. माणूस तो जमिनीवर उभा राहून ओढतो आणि तंबूच्या कमरेच्या पट्ट्याला बांधतो. ही गाठ पार वर, छपराच्या पट्ट्याला होती.

मग मी ती मारली कशी?

२

मोठ्या तंबूत आई बोरसोक तळत होती. कणकेचे चौकोनी तुकडे तेलात टम्म फुगून वर येत होते. तळणाचा वास गेलेल्या माणसापर्यंत पोचतो म्हणतात, म्हणून सकाळपासून कढई चुलीवरून उतरली नव्हती.

"आई, त्या दिवशी आपल्याबरोबर घोडा होता का गं?"

आईनं झारा फिरवला. "सोनुन, पीठ संपत आलंय. आणायला सांग कुणाला तरी."

'कुणाला तरी' हाताच्या अंतरावर उभं होतं. बेरमेतनं डोळे मिटले, उघडले.

"मावशी, आईला विचार, दूध काढायला आम्ही ओढ्यापलीकडे गेलो ते चालत की घोड्यावर."

"मी काय टपालखातं आहे?" मावशी म्हणाली, पण तिला हे मनापासून आवडतं हे उघड होतं. "अनारकान, तुझी लेक विचारतेय—"

"ऐकलं मी. चालत. ओढ्यापलीकडे जायला घोडा कशाला हवा?"

"आणि ढग आले तेव्हा मला परत पाठवलंस, तेव्हा?"

"पळत गेली," आई मावशीला म्हणाली. "मीच म्हटलं, पळ. दोन्ही झाकणं ओढ, कुरुत गोळा कर. मीच म्हटलं ना." झारा कढईच्या काठावर थांबला. मग ती पुन्हा तळायला लागली.

बेरमेत पीठ आणायला बाहेर पडली. डोकं मात्र त्या दुपारी गेलं होतं. पळत आल्यावर तिनं आधी मोठ्या तंबूचं झाकण ओढलं. तोच तो ओला दोर, तोच हातात आठवत होता. मग फडक्यावर वाळत घातलेले कुरुतचे, दह्याच्या चक्क्याचे गोळे झग्याच्या ओच्यात भरले. मग धाकट्या तंबूकडे वळली, आणि वर बघितलं तर झाकण लावलेलं. बरं झालं, म्हटलं, एक काम वाचलं. आत डोकावलीसुद्धा नाही. निखारे आहेत हे तिला कुणी सांगितलंच कुठे होतं.

आणि तो दोर कापला बाबांनी, हेही लख्ख आठवत होतं. पाऊस थांबल्यावर आई उलारला उठवायला गेली आणि तिची किंकाळी आली. सगळे धावले. बाबा नुकतेच येऊन मोठ्या तंबूपाशी उतरले होते. ते परत खोगिरावर चढले, घोडा धाकट्या तंबूला भिडवला, रिकिबीत उभे राहिले, दोर कापला आणि झाकण मागे फेकलं. आपले बाबा शेजारच्या तंबूत मीठ मागायला जायचं तरी घोडा काढतात, अशी उलार त्यांची नेहमी टिंगल करायचा.

रिकिबीत उभे राहून. म्हणजे गाठ तेव्हाही उंचच होती. आणि उंच गाठ मारणारा माणूस घोड्यावरच असला पाहिजे, खाली न उतरता काम उरकणारा.

बेरमेत पिठाच्या पोत्यावर बसली. म्हणजे मी नाही. आणि लगेच राग आला. आपल्या घरात दोन मोठी माणसं आहेत, कुरणावर अर्धा गाव आहे, आणि एकालाही एवढी साधी गोष्ट दिसू नये? दोष देताना सगळ्यांचे डोळे कसे तीक्ष्ण होते.

कुरणावरचे बहुतेक पुरुष त्या दिवशी खाली गुरांच्या बाजाराला गेले होते. बाबा वरच्या उतारावर मेंढ्यांपाशी होते. आजूबाजूला घोड्यावर होते ते दोघंच. शेजारचे म्हातारे ओमुरझाकआबा, आणि उलारच्याच घोड्यावर उलारचा मित्र, दास्तान.

३

दास्तान उद्याच्या चुलीसाठी लाकडं फोडत होता.

"त्या दिवशी दादाचा घोडा तुझ्याकडे होता," बेरमेत म्हणाली.

त्यानं कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली आणि खाली बसला. "मला ठाऊक होतं तू एक दिवस विचारणार. मीच मारलं त्याला, बेरमेत."

"तूपण?"

"तूपण म्हणजे?"

"म्हणजे रांगेत उभा राहा. मावशी म्हणते तिला आदल्या रात्री वाईट स्वप्न पडलं होतं आणि तिनं फोन केला नाही, म्हणून तिच्यामुळे. शाळेचे मास्तर म्हणतात त्यांनी हट्ट करून त्याला शहरात शिकायला पाठवला असता तर वाचला असता. सगळ्यांना थोडं थोडं मारायचंय त्याला. बोलायला बरं वाटतं ना. शेवटी घरी जाताना मात्र सगळे माझ्याकडे बघून मान हलवतात. तुझं काय, ते सांग आणि मोकळा हो."

दास्तानचा चेहरा उतरला. "दुपारच्या आत घोडा परत आणतो असं कबूल केलं होतं मी. आणला नाही. आणला असता तर त्याला उठवलं असतं."

"कुठे होतास?"

"खिंडीत. तिथेच फोन लागतो."

"कुणाला?"

"नारीनमधली एक आहे." त्याचे कान लाल झाले.

"आणि दुपार उलटेपर्यंत काय बोललात?"

"काही नाही. ती म्हणत होती तू बोल, मी म्हणत होतो तू बोल."

बेरमेतला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून ती आणखी चिडली. "पावसाआधी तू आमच्या तंबूपाशी आला होतास का? खरं सांग. झाकण तू लावलंस?"

"मी? तो आत झोपलाय हे मला माहीत होतं. घोडा मागायला मीच सकाळी आत गेलो होतो ना. तुझी आई तेव्हा निखारे घेऊन आत येत होती. मी कशाला झाकण लावीन?" त्यानं लाकडांच्या ढिगावर ठेवलेली आपली भाकरी उचलून कपाळाला लावली. "या नानची शपथ. पाऊस मी खिंडीतच अंगावर घेतला."

नानची खोटी शपथ दास्तान घेणार नाही. तेवढं ती त्याला ओळखत होती.

"घोडा नेलास ते कुणाला सांगून?"

"उलारला. अर्धा झोपेत होता. म्हणाला, ने, पण बाबांना कळू देऊ नकोस, नाहीतर दोघांची चामडी लोळवतील." दास्ताननं कुऱ्हाडीला हात घातला. "तू झाकणाचं का विचारतेयस? ते तर—"

"ते तर मी लावलं. हो. पाठ आहे मला."

ती वळली, तेव्हा तो मागून म्हणाला, "खिंडीतून मला ओमुरआबा दिसले होते. ढग चढत होते तेव्हा. तुमच्या तंबूंच्या दिशेनं घोडा दामटत चालले होते."

४

ओमुरझाकआबा आपल्या तंबूबाहेर सुऱ्या परजत बसले होते. उद्याच्या जेवणासाठी घोडी कापायचा मान त्यांचा. ऐंशीकडे झुकलेला माणूस, पण घोड्यावर बसला की पाठ काठीसारखी सरळ.

"ये पोरी. आत कुमिस आहे, पिऊन ये."

"नको आबा."

"नको म्हणू नये. घोटभर तरी."

प्यावा लागला. या कुरणावर कुणावर आळ घ्यायला गेलं तरी आधी त्याच्या घरचं तोंडात घालावं लागतं, हा आणखी एक वैताग.

"आबा, त्या दिवशी तुम्ही आमच्याकडे आला होतात," ती ओठांवरची घोडीच्या आंबट दुधाची मिशी पुसत म्हणाली. "घोड्यावरून."

"आलो होतो." आबांनी सुरीवरून अंगठा फिरवला. "ढग बघितले. लांबून तुमचं धाकट्याचं झाकण उघडं वाटलं. म्हटलं, बायका ओढ्यापलीकडे आहेत, जाऊन ओढून येऊ. शेजाऱ्याच्या चुलीत पाऊस पडताना बघत बसणारा माणूस अजून या कुरणावर जन्मला नाही."

"मग तुम्ही ओढलंत."

"ओढलं असतं." आबांनी सुरी खाली ठेवली आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "जवळ आलो तर लावलेलं होतं. मी यायच्या जरा आधीच कुणीतरी लावलं असणार. तसाच मागे फिरलो. तुला काय वाटलं, मी लावलं असतं आणि चाळीस दिवस तुझ्यावर ढकलून सुऱ्या परजत बसलो असतो?"

बेरमेतचे कान तापले. पण ती हटली नाही. तिनं खिशातून तो दोर काढला. तंबू उभारायला आलेल्या चुलत भावाच्या खांद्यावर चढून, पट्ट्याच्या वर-खाली सुरी चालवून, गाठीसकट कापून आणला होता.

"हे छपराच्या पट्ट्याला होतं. जमिनीवरून हात पोचत नाही. घोड्यावरच्या माणसानं बांधलंय, आबा. दास्तान नाही, त्यानं नानची शपथ घेतलीय. मग उरलं कोण?"

आबांनी तुकडा हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि त्यांचा अंगठा गाठीवर थांबला.

"ही निरगाठ आहे."

"मग?"

"मग काय मग? तुला कुणी काही शिकवलंय की नाही?" आता आबा चिडले. "परक्याच्या तंबूला निरगाठ मारतात का? त्या घरचं नशीब बांधलं जातं. आमच्या खोऱ्यात शेजारी झाकण ओढतो तेव्हा सुरगाठ मारतो, एका झटक्यात सुटेल अशी. दास्तान असता तरी त्यानं तेच केलं असतं, त्याच्या बापाला मी शिकवलंय. मी असतो तरी तेच. हात आपोआप तेच करतो. निरगाठ फक्त घरचा माणूस मारतो. आपल्या घ—"

ते बोलता बोलता थांबले.

मग त्यांनी तो तुकडा तिच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं त्यावर मिटवली.

"बेरमेत, हे चुलीत टाक. ऐक माझं. पुढचं मोजू नकोस."

"का नको?" तिचा आवाज चढला. "सगळे मोजत माझ्यापर्यंत आले तेव्हा कुणी म्हणालं नाही, मोजू नका."

आबांनी सुरी उचलली. पण परजली नाही.

घरची माणसं चार. एक आत झोपला होता. दोघी पायी होत्या.

५

दुपारी घोडी कापली गेली आणि आतडी धुवायचं काम नेहमीप्रमाणे मुलींच्या वाट्याला आलं. बेरमेतनं टोपलं घेतलं आणि ओढ्याच्या खालच्या अंगाला, जिथे कुणी येत नाही तिथे जाऊन बसली. पाणी वरच्या बर्फातून येत होतं. हात लगेच बधिर झाले. बरंच झालं.

मोजू नकोस म्हणून थांबत नव्हतं. मोठ्या तंबूपासून धाकट्याची ती बाजू दिसत नाही. गाठ तिथून दिसत नाही. आईची किंकाळी आली तेव्हा सगळे दाराकडे धावले, पायी, जसे होते तसे. एकटे बाबा परत खोगिरावर चढले. गाठ कुठे आहे ते बघण्याआधीच चढले. कशासाठी? तिथवर जायला घोडा लागत नव्हता. गाठीपर्यंत हात पोचायला लागत होता.

टिंगल करायला उलार नव्हता, म्हणून कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

"पाणी गार आहे ना?"

बाबा बादली घेऊन उभे होते. तेमिरकुल, सगळ्या कुरणात ज्यांच्या शब्दावर घोडे विकले जातात ते. खाली वाकून त्यांनी बादली बुडवली.

"बाबा, तुम्ही निरगाठ का मारलीत?"

बादली भरली, कलंडली आणि प्रवाहाबरोबर निघाली. ते तिच्यामागे गेले नाहीत. काठावर हळूच बसले, गुडघे दुखणाऱ्या माणसासारखे.

"खुंटाला त्याचा घोडा नव्हता," ते म्हणाले. "मी मेंढ्यांना उतरणीला लावायला चाललो होतो. वाटेवरून बघितलं, खुंट रिकामा. म्हटलं, उठला एकदाचा. गेला आपणहून घोड्यांकडे. मला... मला बरं वाटलं. रोज त्याला उठवायला ओरडावं लागायचं. म्हटलं, शहाणा होतोय. ढग आले होते. जाता जाता वाटेतल्या धाकट्या तंबूचं झाकण ओढलं, बांधलं, आणि गेलो. खोगिरावरून उतरलोसुद्धा नाही. निखाऱ्यांचं मला काय ठाऊक?"

"मलाही ठाऊक नव्हतं."

"नाही."

"मी लावलेलं नव्हतं."

"नाही."

"तुम्हाला किंकाळी ऐकली तेव्हाच कळलं."

"हो."

ओढा आपला वाहत होता. बेरमेतला वाटलं होतं आपण किंचाळू, किंवा रडू. तसं काही झालं नाही. एक वैताग तेवढा आला, मोठा, थकलेला, आयुष्यभराच्या कामासारखा.

"आईनं माझ्याकडे बोट दाखवलं तेव्हा तुम्ही तिथेच उभे होतात."

"तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं. आवाज आला नाही. म्हटलं, माती देऊन झाली की सांगू. मग म्हटलं, सातवा होऊ दे. मग..."

"मग चाळिसावा. आणि मग मी तोकमोकला. म्हणजे सांगायची गरजच नाही. का तर म्हणे आईला त्रास होतो."

"तुझ्या आईला नाही." बाबांनी हातांत तोंड लपवलं. "मला होतो. तू समोरून चहा घेऊन येतेस, मान खाली घालून, आणि मला..."

"मग चहा तुम्ही करायचा होतात."

त्यांनी वर बघितलं. तिनं टोपल्यातलं आतडं उचललं आणि त्यांच्या मांडीवर टाकलं, गिळगिळीत, वास मारणारं. त्यांच्या चांगल्या पायजम्यावर.

"धरा."

या कुरणावर पुरुष आतड्यांना हात लावत नाहीत. बाबांनी धरलं.

"असं नाही. उलटं करा. आतली बाजू बाहेर काढायची असते, नाहीतर धुतल्यासारखं दिसतं आणि घाण आतच राहते. बोट घाला. हां."

दोघांनी थोडा वेळ काम केलं. त्यांना जमत नव्हतं. तिनं शिकवलं, आणि शिकवताना एकदाही आवाज मऊ केला नाही.

"आता आईला जाऊन सांगा."

"उद्या पाहुणे आहेत, बेरमेत. ते जेवून गेले की—"

"आत्ता."

ते उठले. ओले, लांबोडके, एकदम म्हातारे. "तू चल बरोबर."

"मी नाही येणार. मी एकटीच होते इतके दिवस. तुम्हीही एकटे जा."

६

ते चालत गेले. घोडा काठावरच बांधलेला राहिला.

बेरमेत धूत राहिली. आता हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलार काही परत आला नव्हता. उलट आत्तापर्यंत त्याच्यावर रागवायची सोय नव्हती, ती आता झाली. गाढवासारखा झोपायचास. खोकला होता तर आईला सांगून मोठ्या तंबूत झोपायचं होतंस. घोडा दिलास तर बाबांना सांगायचं होतंस, काय चामडी लोळवली असती ती असती. ती मनातल्या मनात त्याच्याशी कडाकडा भांडली, आणि भांडता भांडता नाक ओल्या मनगटानं पुसलं. मनगटाला घोडीचा वास होता.

मोठ्या तंबूतून काहीच ऐकू आलं नाही. ना आरडाओरडा, ना भांडी फेकल्याचा आवाज. फक्त धूर थांबला. कढई उतरवली असावी.

मग सोनुनमावशी धावत आली, जमेल तेवढी. "काय केलंस गं? तुझा बाप तिथे दाराशी मांडी घालून बसलाय, तुझी आई बाहेर निघाली, माझ्याशी एक शब्द नाही. कुणी मला काही सांगेल का या घरात?"

"टपालखातं बंद झालं, मावशी," बेरमेत म्हणाली.

मावशीनं तोंड उघडलं, मागे बघितलं, आणि मिटलं. आई उतारावरून येत होती. कोपरापर्यंत पिठाचे हात, डोक्याचा रुमाल सुटून खांद्यावर आलेला. मावशी बाजूला झाली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी न सांगता बाजूला झाली.

आई ओढ्याच्या काठाशी थांबली. तिला बसायला दगड होता, शेजारीच, कोरडा. तिनं तो बघितलाच नाही. सरळ पाण्यात उतरली आणि बेरमेतसमोर, वाहत्या पाण्यात, कपड्यांसकट बसली. पाणी तिच्या कमरेभोवती फिरून पुढे गेलं.

"निखारे मी ठेवले होते," ती म्हणाली. थेट बेरमेतला.

"माहीत आहे."

"तुला बजावायला हवं होतं, तुझ्या बाबांना बजावायला हवं होतं, आत निखारे आहेत, झाकणाला हात लावू नका. कुणालाच सांगितलं नाही. दूध काढायला उशीर होत होता. आणि तुला मी म्हटलं, दोन्ही झाकणं ओढ. माझ्या तोंडानं म्हटलं. निखारे मी ठेवलेले, आणि मीच म्हटलं, ओढ." तिचे ओठ निळे पडायला लागले होते. "तू ओढलं नाहीस म्हणालीस तर उरतंय कोण, मीच ना. म्हणून तू ओढलं असायला हवं होतं. मला तसं हवं होतं. कळतंय का तुला, मी काय म्हणतेय?"

बेरमेतला कळत होतं. माफ केलं असं म्हणायला हवं का? तसं वाटत नव्हतं. माफ केलं नाही म्हणावं, तर तेही पुरतं खरं नव्हतं. समोर आई कुडकुडत होती, पिठाचे हात पाण्यात धरून, आणि पीठ पांढरं होऊन खाली वाहत चाललं होतं.

"आई, पाणी बर्फाचं आहे," ती म्हणाली. "ऊठ."

आई उठली नाही.

"ऊठ ना गं." बेरमेतनं आतडं टोपल्यात टाकलं आणि तिच्या काखेत हात घालून ओढलं. जड होती. ओला कपडा आणखी जड. "उद्या आजारी पडलीस तर तेही माझ्याच नावावर लावतील."